दगडखाणीचा कडा सांभाळायचा कसा आणि खाण संपली की जमीन परत उभी कशी करायची

वाघोली, भावडी, लोणीकंद, मोशी, या पुण्याजवळच्या पट्ट्यातल्या खाणींवर बरीच वर्षं काढलीत मी, त्यामुळे हे सगळं पुस्तकी नाही, उन्हात उभं राहून बघितलेलं आहे. लिहायला बसलो कारण दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मला चार-पाच फोन येतात, "कड्याला भेग पडलीये, काय करू", आणि तेव्हा खरं म्हणजे करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. ते काम मार्च-एप्रिलमध्येच करायचं असतं. दुसरं म्हणजे खाण संपल्यावर जमिनीचं काय, हा प्रश्न लोक शेवटचा हायवा, म्हणजे दगडाचा शेवटचा डंपर, गेल्यावर विचारतात, आणि तोवर वरची माती कधीच कुणाच्या तरी प्लॉटच्या भरावात गेलेली असते. हे दोन्ही विषय एकच आहेत, कारण कडा पडतो तो पाण्यामुळे आणि जमीन परत उगवते ती माती-पाण्यामुळे. म्हणून एकाच लेखात घेतोय, थोडा लांबेल, पण खाणमालक, मेट (कामावर देखरेख करणारा मुकादम), ग्रामपंचायत सदस्य, शेजारचे शेतकरी सगळ्यांना उपयोगी पडेल असं लिहितो.

आधी आपला दगड ओळखा

पुण्याच्या आसपासचा सगळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर, दख्खनचा बेसाल्ट. लांबून बघितलं तर सगळा काळाच दिसतो, पण कड्याजवळ जाऊन वरून खाली नीट बघा. वर हात-दोन हात काळी माती किंवा तांबूस माती, त्याखाली मुरूम, म्हणजे कुजलेला दगड, तो कुठे एक मीटर तर कुठे पाच-सहा मीटरसुद्धा. त्याखाली घट्ट काळा पाषाण, ज्याच्यासाठी खाण काढलेली असते. आणि मध्येच कुठेतरी भोकाभोकांचा दगड, भोकात पांढरे मणी भरलेले, हा झिओलाइटवाला दगड दिसायला सुंदर पण उन्हापावसात पटकन भुगा होतो. आणि दोन लाव्हाथरांच्या मधे लाल मातीसारखा पट्टा, गेरूसारखा, कधी वीतभर कधी दीड-दोन मीटर.

हा लाल पट्टा सगळ्यात आधी शोधा. कोरडा असताना तो विटेसारखा कडक वाटतो, पण दोन पावसाळे खाल्ले की तो आत-आत झिजत जातो, आणि वरचा शंभर टनाचा पाषाण हवेत लोंबकळल्यासारखा होतो. मी जे कडे पडलेले बघितलेत त्यातले निम्म्याहून जास्त याच पट्ट्यामुळे. शिवाय पाण्याचे पाझरही बहुतेक वेळा याच पट्ट्याच्या वरून निघतात, कारण वरून भेगांतून उतरलेलं पाणी या मातकट थरावर अडतं आणि आडवं वाहायला लागतं.

आपल्याकडचे लाव्हाथर जवळजवळ आडवे आहेत, त्यामुळे डोंगराची अख्खी पाटी घसरून येण्याचा प्रकार खाणीत कमी घडतो. घडतं ते वेगळं. उभ्या भेगांनी पाषाणाचे खांब पडलेले असतात, ते एकेक करून बाहेर झुकतात आणि कोसळतात. दोन तिरक्या भेगा एकमेकींना छेदतात आणि मधला पाचरीसारखा तुकडा निसटतो. आणि मुरुमात किंवा टाकलेल्या ढिगाऱ्यात चमच्याने दही काढावं तसा गोल काप बसून सगळं खाली येतं. या तिन्हीवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून कुठला प्रकार आहे हे आधी ठरवायचं.

ठरवायचं कसं? फोनमध्ये कोन मोजायचं ॲप असतं, एक सपाट फळी भेगेच्या पृष्ठभागावर टेकवा, फोन फळीवर ठेवा, कोन वाचा, भेग खाणीच्या पोटाकडे उतरतीये की आत कड्यात जातीये हे लिहून ठेवा. गुळगुळीत भेग खाणीकडे उतरत असेल आणि उतार ३०-३५ अंशाच्या वर असेल आणि तिचं खालचं टोक कड्यावर उघडं दिसत असेल तर त्या तुकड्याला अडवायला फक्त घर्षण आहे, आणि पाणी गेलं की तेही कमी होतं. अशा जागेला लाल रंगाने खूण करा आणि तिच्या खाली कॉम्प्रेसर, टपरी, पाण्याचा ड्रम काहीच ठेवू नका. दुसरी जुनी युक्ती म्हणजे पहारीने ठोकून आवाज ऐकायचा. ठणठणीत वाजला तर दगड मागे जोडलेला आहे, बद्द वाजला तर मागे पोकळी आहे. वडार समाजातले जुने कारागीर हे कान लावून सांगतात आणि त्यांचं चुकलेलं मी क्वचित बघितलंय, त्यांना विचारायला लाजू नका.

कड्याची भूमिती, म्हणजे बेंच (कड्यात पाडलेल्या पायऱ्या)

एकच सरळ तीस मीटर उभा कडा, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा रोग. जागा वाचते, दगड जास्त निघतो, म्हणून सगळे तसंच करतात. पण मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स १९६१ मध्ये साफ लिहिलंय, माती, मुरूम, ढिगाऱ्यासारख्या सैल जमिनीत उतार ४५ अंशाच्या वर नको, नाहीतर बेंचची उंची दीड मीटरच्या वर नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. घट्ट दगडात बाजू नीट बेंच करून, उतार देऊन किंवा आधार देऊन ठेवायच्या. व्यवहारात आपल्याकडच्या खाणीला सहा मीटर उंची, सहा मीटर रुंदी हे माप धरून चाललं तर बरं पडतं, मशीनने त्याहून उंच बेंच घ्यायचं तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी आणि त्यातल्या अटी बघूनच. कड्याच्या पायथ्याला पोखरून वरचं आपोआप पाडायचं, हे तर पूर्ण बंद. आणि खोदाईच्या कडेपासून तीन मीटरच्या आत झाड, सुटा दगड, राडारोडा काही ठेवायचं नाही.

आता हिशेब करून बघा. सहा मीटरची पाच बेंच म्हणजे तीस मीटर खोली. प्रत्येक बेंचचा चेहरा ७५ अंश धरला तर एका बेंचला आडवं दीड मीटरपेक्षा थोडं जास्त जातं, पाचाचे आठ मीटर, आणि मधल्या चार पायऱ्यांचे चोवीस मीटर, एकूण बत्तीस. म्हणजे वरच्या कडेपासून खालच्या पायथ्यापर्यंत दोरी ताणली तर ती साधारण ४३ अंशात बसते. हाच तो एकूण उतार. आता लीजच्या, म्हणजे खाणीच्या भाडेपट्ट्याच्या, हद्दीपासून साडेसात मीटर सोडायचे असतात, रस्ता, रेल्वे, घर यांच्यापासून परवानगीशिवाय ४५ मीटरच्या आत यायचं नसतं, हे सगळं वजा करून मगच खाणीत किती खोल जाता येईल ते कळतं. एक एकराच्या तुकड्यात तीस मीटर खोल जाणं हे गणितातच बसत नाही, तरी लोक जातात, आणि मग शेजारच्या शेतकऱ्याचा बांध खाली येतो.

पायरी नुसती ठेवून भागत नाही, ती मोकळी ठेवावी लागते. वरून पडलेला दगड झेलण्यासाठी ती आहे. खडीने भरलेल्या पायरीवर आदळलेला दगड घसरगुंडी मिळाल्यासारखा थेट तळात येतो. वर्षातून दोनदा पोकलेनने पायऱ्या साफ करा, एकदा पावसाळ्याआधी, एकदा दिवाळीच्या आसपास.

शेवटच्या कड्याजवळचं ब्लास्टिंग हा वेगळाच विषय. उत्पादनाच्या ब्लास्टमध्ये दगड फुटावा म्हणून आपण दारू भरतो, तोच धक्का मागच्या कड्यात भेगा पाडून ठेवतो आणि तो कडा पुढची पन्नास वर्षं तसाच राहणार असतो. म्हणून अंतिम कडेच्या अलीकडचे पाच-दहा मीटर वेगळ्या हाताने काढायचे, कमी व्यासाची भोकं, जवळजवळ, हलका चार्ज, प्रत्येक ओळीला डिले (म्हणजे ओळी एकदम न उडता थोड्या अंतराने उडतील), आणि शक्य असेल तिथे सगळ्यात मागची ओळ आधी उडवून चीर पाडून घ्यायची म्हणजे पुढचा धक्का त्या चिरेपाशी थांबतो. ब्रेकरने काढता आलं तर त्याहून उत्तम. खर्च वाढतो, मान्य आहे. पण ब्लास्टनंतर वरून खाली, हो, वरूनच खाली, सुटे दगड काढल्याशिवाय खाली माणूस जाऊ द्यायचा नाही, यात तडजोड नको. सुटे दगड काढणारा माणूस हार्नेस लावून, वर मजबूत अँकरला बांधून, आणि कधीही एकटा नाही.

पाणी, पाणी आणि पाणी

इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

कड्याच्या वर, काठाला समांतर एक भेग असते, ताणाची भेग. समजा ती दहा मीटर खोल आहे आणि एका रात्रीच्या पावसात पाण्याने भरली. ते पाणी दगडाला बाहेर किती ढकलतं माहितीये? कड्याच्या प्रत्येक धावत्या मीटरला साधारण पन्नास टन. पाच मीटरच खोल असेल तर साडेबारा टन. म्हणजे खोली दुप्पट झाली की धक्का चौपट. आणि भेग किती रुंद आहे याने काही फरक पडत नाही, बोटभर भेगेतलं पाणी आणि हातभर भेगेतलं पाणी सारखंच ढकलतं. म्हणूनच "बारीकशी तर चीर आहे" असं कुणी म्हणालं की मला भीती वाटते. उलट बारीक चीर पटकन भरते.

माझ्या डोळ्यासमोरची गोष्ट सांगतो. एका खाणीत काठावर जुलैमध्ये अशीच चीर दिसली होती, मी तेव्हा तिथे नवीन होतो, मी चीर मोजली, वहीत लिहिली आणि सांगितलं की वरच्या शेतातलं पाणी वळवून टाकू. उत्तर आलं, पाऊस थांबला की बघू. तीन दिवस संततधार लागली, चौथ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला सगळा काठ खाली आला, खाली उभा असलेला कॉम्प्रेसर चिरडला. शिफ्ट आठला सुरू होणार होती. दोन तास. तेव्हापासून मी पाऊस थांबायची वाट बघत नाही.

तर पाण्याचं काम असं, एकामागून एक:

१. खाणीच्या वरच्या बाजूला, काठापासून निदान पाच-दहा मीटर मागे, पाणी वळवायचा चर काढा, तो खाणीला हाराप्रमाणे वेढेल असा. का, ते बघा. वर एक हेक्टर शेत आहे आणि एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाचशे घनमीटर पाणी, दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. त्यातलं निम्मं जरी काठाकडे आलं तरी पंचवीस टँकर तुमच्या भेगांत. चराला शंभराला एक असा तरी उतार द्या, मुरुमात काढलेला असेल तर तळ दगडाने पिचिंग करा, नाहीतर चरच पाणी जिरवायचं काम करेल आणि तुम्ही स्वतःच्या हाताने कड्यात पाणी सोडाल. चराचं तोंड ओढ्यात सोडताना आधी गाळ बसायला एक खड्डा ठेवा, शेजारच्या विहिरीत खडीची पूड गेली की भांडण ठरलेलं.

२. काठावरच्या भेगा बंद करा. चिकण माती किंवा बारीक मुरूम कुटून भरा, वरून उतार द्या, मोठी असेल तर जाड प्लास्टिक अंथरून मातीने दाबा. सिमेंट काँक्रीट ओतून खालपर्यंत भरू नका, कारण मागून आलेलं पाणी मग बाहेर पडत नाही आणि भेगेत कोंडतं.

३. प्रत्येक बेंचला आतल्या बाजूला थोडासा उतार आणि पायथ्याला चर, म्हणजे पाणी काठावरून पागोळीसारखं खाली न पडता बाजूने जाईल.

४. जिथे कड्यातून पाणी झिरपतंय, विशेषतः लाल पट्ट्याच्या वर, तिथे वॅगन ड्रिलने (चाकांवरच्या ड्रिल मशीनने) आडवी भोकं मारा, आतलं टोक थोडं उंच, दोन ते पाच अंश, म्हणजे पाणी आपोआप बाहेर येईल. आत भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप सरकवा. खर्चाच्या मानाने याच्याइतका परिणाम देणारा उपाय मला दुसरा माहीत नाही. पाइपातून पाणी यायला लागलं की घाबरू नका, आनंद माना, ते पाणी कड्यात नाहीये आता. पावसाळ्यात यायचं पाणी अचानक बंद झालं तर मात्र काळजी, पाइप चोंदलाय.

५. लाल पट्टा आत झिजलाय तिथे मोठ्या दगडांची टेकण भरा, मागे बारीक खडीचा थर ठेवून, म्हणजे पाणी निघत राहील. वर काँक्रीट फवारायचं असेल तर पाण्याची भोकं ठेवूनच.

मे संपायच्या आत हे सगळं झालेलं हवं. पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे मिमी पाऊस, वाघोलीकडे पूर्वेला आणखी कमी, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण इथला पाऊस वर्षभर रिमझिम पडत नाही, वळवाच्या एका संध्याकाळी तासाभरात रस्त्यांच्या नद्या करतो, आणि कड्याला सरासरीशी काही देणंघेणं नसतं.

भेग बोलते, ऐका

भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खुंटी काँक्रीटमध्ये पक्की करा, डोक्यावर खूण करा, रोज सकाळी एकाच माणसाने एकाच टेपने अंतर मोजायचं आणि वहीत तारीख, अंतर, कालचा पाऊस असं लिहायचं. भेगेच्या दोन्ही बाजूंना घट्ट दगडच असेल तर भेगेवर आडवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा पट्टा लावा, तडकला की हालचाल आहे हे कुणालाही कळतं. पर्जन्यमापक पाचशे-हजारात येतो, घेऊन ठेवा.

आकड्यांत बघायचं ते अंतर नाही, वेग. रोज एक मिलिमीटर वाढतीये आणि तेवढीच वाढतीये, तर लक्ष ठेवा. पण वेगच वाढत चालला तर खेळ संपत आलाय. एक साधं गणित आहे, वेगाचा उलटा आकडा काढायचा, म्हणजे एक भागिले वेग. समजा पहिल्या दिवशी वेग दोन मिमी, उलटा ०.५. तिसऱ्या दिवशी तीन मिमी, उलटा ०.३३. पाचव्या दिवशी सहा मिमी, उलटा ०.१७. चौकटीच्या कागदावर हे ठिपके मांडा आणि रेघ ओढा, ती शून्याला सातव्या दिवसाच्या आसपास टेकते. तोच साधारण कोसळायचा दिवस. पण सातव्या दिवसाची वाट बघायची नाही, वेग दुप्पट झाला की त्याच क्षणी खालची माणसं आणि मशीन बाहेर. जोराचा पाऊस आला तर रेघेच्या आधीच कोसळू शकतं.

हे खरंच चालतं का, असं कुणी विचारलं तर अमेरिकेतल्या युटाहमधली बिंगहॅम कॅनियन तांब्याची खाण बघा. १० एप्रिल २०१३ ला तिथे खाणीच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या दरडींपैकी एक कोसळली, आणि एकाही माणसाला ओरखडा आला नाही, कारण रडार आणि मोजमापाने हालचाल आधी कळली होती आणि खाण आधीच रिकामी केली होती. त्याच्या उलट झारखंडमध्ये ललमटियाला राजमहल कोळसा खाणीत २९ डिसेंबर २०१६ ला ढिगारा कोसळून २३ कामगार गेले. आपल्याकडे कोट्यवधीचं रडार परवडणार नाही, पण दोन खुंट्या आणि एक वही प्रत्येकाला परवडते.

ढिगारा कुठे टाकायचा

आपल्याकडे मुरूम, फुटकं डबर, क्रशरची पूड, सगळं जिथे जागा मिळेल तिथे ओतलं जातं, बरेचदा ओढ्याच्या काठावर. वेल्समधलं अॅबरफॅन आठवा. २१ ऑक्टोबर १९६६, झऱ्यावर रचलेला कोळशाच्या कचऱ्याचा ढीग पाण्याने भिजून खाली वाहत आला आणि शाळेवर पडला, १४४ जण गेले, त्यात ११६ लहान मुलं. आपल्याच आंबेगाव तालुक्यातलं माळीण, ३० जुलै २०१४, दीडशेवर माणसं गेली. माळीण खाण नव्हती, डोंगर होता, पण भिजलेली माती उतारावर कशी वागते ते सारखंच.

म्हणून ढिगाऱ्याची जागा निवडताना आधी पावसाळ्यात तिथे पाणी कुठून वाहतं, झिरा आहे का, ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. झऱ्यावर, ओढ्यात, घरांच्या वरच्या अंगाला टाकायचंच नाही. खालची काळी माती आधी काढून घ्या, ती भिजली की लोण्यासारखी होते आणि वरचा ढीग तिच्यावर सरकतो. उतारावर टाकायचं असेल तर उताराला पायऱ्या पाडून घ्या. ट्रक मागे नेऊन कडेवरून ओतला तर ढीग ३५-३८ अंशाला उभा राहतो, म्हणजे अगदी मोडायच्या टोकावर. थराथराने टाका, डोझरने पसरवा, पाच-सहा मीटरला एक पायरी सोडा, आणि कायमचा ठेवायचा असेल तर शेवटी एकूण उतार एकास दोन (एक मीटर उंचीला दोन मीटर आडवं) किंवा त्याहून सपाट करा, एकास तीन मिळाला तर झाडं नीट जगतात. ढीग खाणीच्या काठापासून निदान ढिगाच्या उंचीइतका तरी लांब हवा, कारण त्याचं वजन काठावरच येतं. पायथ्याला गॅबियनची भिंत, म्हणजे तारेच्या जाळीत भरलेले दगड, पाणी जाऊ देते आणि माती अडवते, सिमेंटच्या भिंतीपेक्षा इथे हीच बरी.

माती पहिल्या दिवशी वाचवा

जमीन परत उभी करायची सुरुवात खाण संपल्यावर होत नाही, पहिला जेसीबी लागतो त्या दिवशी होते. एक एकर जमिनीची वरची एक फूट माती काढली तर ती साधारण सव्वाचारशे-साडेचारशे ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) निघते. आज ती विकली तर थोडे पैसे येतील, दहा वर्षांनी तीच माती विकत आणायला गेलात तर कुठे मिळणार? म्हणून ती वेगळी काढा, मुरुमात मिसळू देऊ नका, दीड-दोन मीटरपेक्षा उंच ढीग नको कारण खालच्या थराला हवा मिळत नाही आणि मातीतलं जिवंतपण मरतं. ढिगावर ताग किंवा धैंचा पेरून टाका, धूपही थांबते आणि नत्रही मिळतं. ढिगावरून गाड्या नेऊ नका. खाणीचा जो भाग संपला तिथे ती लगेच वापरायला सुरुवात करा, शेवटी एकदम करायचं ठेवलं की होत नाही, हा माझा प्रत्येक खाणीतला अनुभव.

खड्डा पूर्ण भरणं आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शक्य नसतं, कारण दगडच विकलेला असतो. फुटलेला दगड जागा जास्त खातो, शंभर ब्रास अखंड दगडाचे सुटे होऊन दीडशेपर्यंत जातात, पण तो तर शहराच्या काँक्रीटमध्ये गेलाय. मग तीन वाटा राहतात: पाण्याचा तलाव, अर्धवट भरून उतरता बांधलेला जंगलाचा तुकडा, किंवा भरावाने समतल मैदान. गावाने एकत्र बसून आधीच ठरवावं, मालकाने एकट्याने नाही.

भरावात शहराचा कचरा कधीही घेऊ नका. बेसाल्टच्या भेगांतून ते काळं पाणी शेजारच्या विहिरींत जाणारच, आणि एकदा गेलं की तुमच्या हयातीत निघत नाही. राडारोडा घ्यायचा तर निवडून घ्या, विटा-काँक्रीट चालेल, प्लास्टिक, रंगाचे डबे, जिप्सम नको. मोठे दगड तळात, मग बारीक, मग मुरूम, जिथे उतार बनवायचाय तिथे फूट-दीड फुटाचे थर रोलरने दाबत, आणि वर माती एक-दोन फूट, ती मात्र दाबायची नाही. भराव पुढची कितीतरी वर्षं खाली बसत राहतो, त्यावर घर बांधू नका, खेळाचं मैदान करा.

तलाव करायचा असेल तर आधी काठ. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत पाण्याने भरलेल्या खाणीत पोरं बुडतात, पोहता येणारीसुद्धा, कारण काठ उभा आहे, वर चढायला जागा नाही आणि एक पाऊल पुढे तीस फूट पाणी. त्यामुळे लोकवस्तीकडची बाजू मुरुमाने भरून एकास पाच असा उतार करा, काठापासून तीन-चार मीटरपर्यंत पाणी कमरेच्या वर जाणार नाही असं. बाकी उभ्या बाजूंना कुंपण, ठिकठिकाणी दगडात ठोकलेल्या लोखंडी शिड्या, दोरीला बांधलेले ट्यूब. पाटी लावून भागत नाही, पोरं पाटी वाचत नाहीत.

एक विनंती. सगळे कडे झाकू नका. उंच, पक्का, कुणाच्या घराजवळ नसलेला एखादा कडा तसाच ठेवा, शृंगी घुबडं अशा कपारीत घरटं करतात. वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हन्साइट हे निळं खनिज जगभरच्या संग्रहालयांत मांडलेलं आहे, आपल्या मुलांनी ते कुठल्या दगडातून निघालं हे बघायला एक भिंत तरी शिल्लक असू दे.

हिरवळ, आणि ती कुठल्या क्रमाने

झाडं शेवटी, गवत आधी. पहिल्या पावसाळ्यात उतारावर आडवे समतल चर काढा, उभे अजिबात नको, आणि काथ्याची जाळी अंथरून मारवेल, पवना, डोंगरी गवत पेरा. पाण्याच्या वाटांवर वाळ्याच्या आडव्या ओळी लावा, त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती बांधून ठेवतात. दुसऱ्या पावसाळ्यात झाडं, दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे, शेणखत घालून, जूनच्या पहिल्या सरीला नाही तर जमीन नीट ओली झाल्यावर. करंज, कडुनिंब, खैर, हिवर, बाभूळ, पळस, सीताफळ, बांबू हे या कोरड्या मुरुमात तग धरतात. सुबाभूळ आणि निलगिरी लवकर हिरवं दिसतं म्हणून लावतात, माझं मत विचाराल तर नको, सुबाभूळ दुसरं काही उगवू देत नाही. वड, पिंपळ, उंबर ही झाडं सावलीला मैदानात लावा, पण कड्याच्या भेगेत आपोआप उगवलेली असतील तर लहान असतानाच काढा, त्यांची मुळं पाचरीसारखी काम करतात आणि दगड फोडतात. उतारावर काळ्या मातीचा जाड थरही नको, उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते आणि पहिला पाऊस थेट आत जातो.

पहिले तीन उन्हाळे आठवड्याला पाणी, बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन, आणि शेळ्यांपासून राखण. निधी लावायचा असेल तर रोपांच्या संख्येला नका लावू, तिसऱ्या वर्षी जिवंत असलेल्या झाडांना लावा, आणि राखणीला गावातलाच माणूस पगारावर ठेवा, जमलं तर याच खाणीत दगड फोडणाऱ्या घरातला, कारण खाण बंद झाली की सगळ्यात आधी त्यांची चूल बंद होते.

पुढची पाच वर्षं दर मे महिन्यात एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा अख्ख्या खाणीला फेरी मारायची: चर गाळाने भरलेत का, पाइपातून पाणी येतंय का, खुंट्यांचं अंतर किती, गॅबियनचं पोट फुगलंय का, कुंपण कुणी कापलंय का. वही तीच वापरायची, जी खाण चालू असताना होती, आणि ती ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवायची, मालकाच्या घरी नाही.